काळ्या ट्रंकेवरचा जबाब

आनंदा हवालदारांच्या दुकानात गाडी नेली की ते गाडीकडे बघायचेच नाहीत. माणसाकडे बघायचे. चांगलं वर-खाली बघून झालं की कोपऱ्यातल्या काळ्या लोखंडी ट्रंकेकडे बोट करायचे आणि म्हणायचे, “बसा. जबाब द्या.”

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला रागच आला होता. सांगलीहून रोज स्वतः गाडी चालवत आष्ट्याच्या शाळेत जाणारी बाई मी, विज्ञान शिकवणारी, साठ पोरांना नुसत्या नजरेनं गप्प बसवणारी. आणि हा माणूस मला ट्रंकेवर बसवून जबाब घेतोय, जसं काही मी कुणाच्या घरात शिरताना सापडले होते. मी म्हटलं, “अहो, बॅटरी उतरतेय. पंधरा दिवसांपूर्वी नवी घातली, तीही उतरली. पटकन बघा, मला अकराचा तास आहे.”

“बॅटरी उतारती ह्ये तुमचं मत झालं, बाई,” हवालदार म्हणाले. “मत नगं. काय घडलं त्ये सांगा. पयल्यापास्नं.”

मग मी सांगितलं. पहिल्यांदा स्टार्टर कधी दमल्यासारखा फिरला, दिवे कधी मंद झाले, गाडी रोज किती चालते, रविवारी कुठे उभी असते. ते उकिडवे बसून ऐकत होते. मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेजारी उभा असलेला एक ट्रकवाला “बाई, डायनामो गेला आसंल” असं म्हणायला लागला, तर त्याला हातानंच गप्प केलं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “ह्याच्या आदी गाडीला कुणी हात लावलाता?”

“कुणी नाही,” मी ठासून सांगितलं.

“आठवा.”

आणि आठवलं की! दसऱ्याच्या आधी पुढून गाडी घासली होती म्हणून रंग दिला होता. ते ऐकल्याबरोबर हवालदार उठले. फळीवरचा मीटर घेतला, आधी एका नव्या कोऱ्या सेलला लावून बघितला आणि पुटपुटले, “पयला साक्षीदार तपासायचा.” मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ती माझ्याच हातात दिली, स्वतः आत बसून स्टार्टर मारला आणि विचारलं, “किती?”

“एक व्होल्टच्या वर.”

“तितं जवळजवळ शून्य पायजे. मग ह्यो होल्ट मधल्यामधी कुठं गेला, बाई?”

काय सांगणार, कप्पाळ! त्यांनी बॉडीवरचा अर्थिंगचा बोल्ट काढला. त्याच्या खाली छान चकचकीत रंग होता. “पेंटर लय मन लावून काम करणारा हाय तुमचा,” ते म्हणाले, “बोल्टाखाली बी रंग दिलाय.” पॉलिशपेपरनं घासून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळला. “वीज नुसती जाऊन भागत न्हाई. परत यायला वाट पायजे.”

हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. त्या दिवशी अकराच्या तासाला नेमका विजेचाच धडा होता, आणि माझा आवाज नेहमीपेक्षा जरा खालीच होता.

हवालदार मूळचे औंधच्या बाजूचे. बावीस वर्षं फौजेत गाड्यांच्या वायरिंगचं काम करून पेन्शनीत आले आणि बायकोच्या माहेरगावी, आष्ट्यात, सांगली रस्त्याला पत्र्याचं शेड टाकून बसले. ट्रंक फौजेतलीच होती, पांढऱ्या रंगात नंबर लिहिलेली. आत काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण तिच्यावर सदा कुणीतरी बसलेलं असायचं. रोज दाढी, रोज इस्त्रीचा खाकी शर्ट, आणि त्याच्या खिशात पॉलिशपेपरची घडी. ग्रीसनं माखलेल्या जागेत हा माणूस इतका स्वच्छ कसा राहतो, हे मला कधी कळलं नाही.

त्यांच्या तपासाची एक रीत होती आणि ती मोडायची त्यांची तयारी नसायची. स्टार्टर मारून झाल्यावर ते प्रत्येक जोडावर हाताची उलटी बाजू ठेवत जायचे. जो जोड गरम लागेल तो गुन्हेगार. पण त्याच्याही आधी जबाब. “गाडी बोलत न्हाई,” ते म्हणायचे, “पर तिच्यावर बसणारा बोलतो. त्याला कुणी इचारत न्हाई, डायरेक बॅटरी बदलत्यात.” बॅटरीविषयी त्यांना भारी कळवळा. “बॅटरी म्हंजे घरात नवी आल्याली सून. काय बी इस्कटलं की नाव तिचंच.”

यावर दुपारचा डबा घेऊन येणाऱ्या त्यांच्या बायकोनं, हिराकाकूंनी, माझ्यादेखत एकदा चांगलंच सुनावलं होतं. “बॅटरीची लय कीव येती बगा ह्यास्नी. घरात मातूर जबाब न्हाई न् काय न्हाई. भाजी खारट झाली की डायरेक शिक्षा!” हवालदारांनी डबा पुढे ओढला. आणि भाजी निमूट खाल्ली.

उसाच्या हंगामात त्यांच्याकडे ट्रॅक्टरवाल्यांची झुंबड असे. एकदा एक ट्रॅक्टरवाला तिसऱ्यांदा बॅटरी उतरली म्हणून तणतणत आला. ट्रॅक्टरवर कपाटाएवढे दोन स्पीकर. ट्रंकेवर बसून त्यानं जबाब दिला: डायनामो नवा, वायरिंग नवं, तरी सकाळी स्टार्टर लागत नाही. हवालदारांनी विचारलं, “कारखान्यावर वजनकाट्याच्या लायनीत किती येळ हुबा असतोस?”

“सा-सात तास.”

“इंजान?”

“बंद. डिझेल काय फुकट येतंय?”

“आन् गाणी?”

“गाणी चालू. न्हाई तर झोप येती की.”

“मग गाडीला काय न्हाई झालं, गड्या. लाइन मोठी हाय. एक तर इंजान चालू ठेव, न्हाई तर स्वता म्हण.”

सगळं शेड हसलं. तो ट्रॅक्टरवाला पुढे खरंच गाणी म्हणायला लागला म्हणतात, आणि लायनीतली बाकीची मंडळी डिझेल द्यायला तयार झाली.

आता त्यांचा दोषही सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. हवालदार बॅटरीचं वय नुसतं बघून सांगायचे. कुणीतरी गंमत म्हणून जुनी बॅटरी समोर आणून ठेवायचं, हे तिच्याभोवती एक फेरी मारायचे, टर्मिनलवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, “सव्वादोन वरीस.” मालक खरेदीचं कार्ड काढून बघायचा, बरोब्बर निघायचं. मग चहा, वाहवा. तेवढा वेळ हवालदारांचा हात मिशीवर असायचा. त्या खेळात जबाब नसायचा, साक्षीदार नसायचा, गाडीसुद्धा नसायची.

आमच्या शाळेची एक छोटी बस होती. दिनकरमामा चालवायचे. वाड्यावस्त्यांवरची पोरं सकाळी गोळा करून आणायची आणि संध्याकाळी घराघरापाशी सोडायची. मामा म्हणजे सरळ, अबोल माणूस. पोराचा डबा बसमध्ये राहिला तर परत नेऊन द्यायचे. एका पावसाळ्यात सकाळी ती बस सुरू होईना. मामा त्या दिवशी रजेवर होते, आईला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात गेले होते. संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी बॅटरी काढायला लावली आणि क्लार्कच्या स्कूटरवरून हवालदारांकडे पाठवली. बॅटरी सात महिन्यांपूर्वीच सांगलीहून नवी आणून घातलेली. फोनवर त्यांनी हवालदारांना एवढंच विचारलं, “नवी आहे का जुनी, तेवढं सांगा.”

आणि हवालदारांनी सांगितलं. फेरी मारली, अंगठा फिरवला. बॅटरीचं पोट फुगलेलं, टर्मिनलं खाल्लेली, वरचा कागद ॲसिडनं गेलेला. “तीन-चार वरसाची हाय,” ते म्हणाले. क्लार्कनं कागद पुढे केला, त्यावर तसं लिहून सहीही दिली.

झालं! मामांनी नवी बॅटरी विकली आणि जुनी आणून बसवली, असा अर्थ निघाला. खरेदीचं कार्ड ऑफिसात सापडेना. मामा म्हणत होते, मी कार्ड क्लार्ककडं दिलंय. क्लार्क म्हणत होता, दिलं नाही. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना बसवून सभा झाली. हवालदारांचा कागद मोठ्यानं वाचला गेला. मामा दाराशी उभे राहून म्हणाले, “मी बदल्याली न्हाई. गाडीत वास येत हुता, मी दोनदा सांगितलं हुतं.” वासाचा आणि बॅटरीचा काय संबंध, असं चेअरमनसाहेब म्हणाले आणि मामांना कामावरून बंद केलं. मी त्या सभेत होते. मी काहीही बोलले नाही. मामा माझ्याकडे बघत होते, आणि मी हातातल्या हजेरीपुस्तकाकडे बघत होते.

वासाबद्दल मला माहीत होतं हो. पोरं तक्रार करायची, बसमध्ये नासक्या अंड्याचा वास येतो म्हणून. एक मुलगा डब्यात रोज उकडलेलं अंडं आणायचा. मी शिस्तीची बाई. बसमध्ये अंडं आणायचं नाही, असा नियम काढून मोकळी झाले. अंडं बंद झालं. वास बंद झाला नाही. मी त्यावर दुसऱ्यांदा विचार केला नाही.

मामांचं पुढं काय झालं, ते गावात सगळ्यांना दिसत होतं. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर रोजानं जायला लागले. जी पोरं त्यांना मामा म्हणायची, त्यातलीच काही मागून ‘बॅटरी, बॅटरी’ म्हणून ओरडायची. त्यांची बायको दळण टाकायला पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीत जाऊ लागली. हवालदारांनी शाळेला दुकानातून नवी बॅटरी पाठवून दिली. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक बॅटरीच्या टर्मिनलवर ते पंच ठोकून तीन ठिपके मारायचे, फौजेतली सवय. या बॅटरीवरही मारले. बसवली मात्र बदली ड्रायव्हरनं, शाळेतच. म्हणजे याही खेपेला हवालदारांनी बॅटरी बघितली, गाडी नाही.

चार महिने गेले. बारा पोरं घेऊन मी सांगलीला विज्ञान प्रदर्शनाला निघाले होते. बस ढकलून सुरू केलेली, पुढचे दोन्ही दिवे गेलेले. हवालदारांच्या शेडसमोर ड्रायव्हर म्हणाला, “जरा दावून घेतो, बाई.” हवालदारांनी त्याला ट्रंकेवर बसवलं.

“बल्ब कवा गेलं?”

“ह्या महिन्यात तिसऱ्यांदा. सारखंच जात्यात.”

“बॅटरीला पाणी?”

“आठवड्याला घालतोय. पितीया नुसती.”

हवालदारांचा चेहरा जरासा बदलला. “वास येतो?” त्यांनी विचारलं, आणि ड्रायव्हरनं उत्तर द्यायच्या आत बसच्या खिडकीतून एक पोरगी ओरडली, “अंड्याचा येतो! बाईंनी अंडी बंद केल्यात तरी येतो!”

हवालदार बसमध्ये चढले. दाराजवळच्या पहिल्या सीटखाली बॅटरी असते. सीट उचलली. बॅटरीचं पोट फुगलेलं, टर्मिनलं खाल्लेली, कागद गेलेला. चार महिन्यांपूर्वी स्कूटरवरून आली होती, हुबेहूब तशीच. त्यांनी खिशातली पॉलिशपेपरची घडी काढली आणि टर्मिनल घासलं. तीन ठिपके निघाले.

त्यांनी ते अंगठ्यानं पुसून परत बघितले. मग मीटर मागितला. आधी सेलला लावला, साक्षीदार तपासला. ड्रायव्हरला इंजिन सुरू करून जरा रेस करायला सांगितलं आणि मीटर लावला. पुन्हा साक्षीदार तपासला, पुन्हा लावला. तिसऱ्यांदा माझ्या हातात दिला. “वाचा, बाई.”

“सोळा पॉइंट चार.”

“चवदाच्या जरा वर पायजे. रेग्युलेटर गेलाय. ह्यो डायनामो बॅटरीला चार्जिंग करत न्हाई, शिजवतोय. म्हणून वास, म्हणून पाणी, म्हणून बल्ब.” त्यांनी स्वतः किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. “पयली बी अशीच सात महिन्यांत चार वरसाची करून सोडली आसंल.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीतून कसले वायू येतात, हे विज्ञानाच्या बाईला माहीत नसावं? माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी पैकीच्या पैकी मिळवले असते. मला माझीच लाज वाटली.

हवालदार खाली उतरले, शेडमध्ये गेले आणि ट्रंकेवर बसले. त्यांना ट्रंकेवर बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. डबा घेऊन आलेल्या हिराकाकूंनी काय झालं विचारलं. त्यांनी सांगितलं. काकूंनी डबा खाली ठेवला. “त्या दिनकराला इचारलं हुतं का तुमी कायतरी?”

“न्हाई.”

“माजी भाजीच केलीसा की वं त्याची.”

त्या दिवशी आमचं प्रदर्शन बुडालं. हवालदारांनी मला विचारलं, “ती पयली बॅटरी कुठं हाय?” ती माझ्याच प्रयोगशाळेत होती, पुरावा म्हणून टेबलाखाली ठेवलेली, कारण शाळेत धड कुलूप तेवढं त्याच खोलीला होतं.

हे कानावर आल्यावर चेअरमनसाहेब म्हणाले, बरं झालं, मामांना निरोप पाठवा, सोमवारपासून येऊ दे, विषय संपला. हवालदार म्हणाले, “असं न्हाई, साहेब. आळ चारचौघांत घेतला, तर उतरवायचा बी चारचौघांत. तीच खोली, तीच माणसं.”

“कशाला आता परत तमाशा? तुमचंच नाव जाईल.”

“माझं नाव जाईल म्हणूनच म्हणतोय.”

सभेच्या आधी ते मामांच्या घरी जाऊन आले. काय झालं ते मला काकूंनी नंतर सांगितलं. मामांनी दारातच सगळं ऐकून घेतलं, आत या म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, “मी बोंबलून सांगत हुतो तवा तुमी कुठं हुता, हवालदार?” हवालदार म्हणाले, “दुकानात.” आणि परत आले.

सभेच्या दिवशी शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोन्ही बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. मामा दाराशी, त्याच जागी उभे. हवालदार सावधानमध्ये उभे राहिले, तसं आता कुणी उभं राहत नाही. “साहेब,” ते म्हणाले, “ह्या दोघीत जुनी कंची, सांगा.”

चेअरमनसाहेबांनी दोन्ही निरखल्या आणि उजवीकडच्या बॅटरीवर बोट ठेवलं. “ही. सरळ दिसतंय की.”

हवालदारांनी त्या बॅटरीचं टर्मिनल घासून ठिपके दाखवले. “ही चार महिन्यामागं माझ्या दुकानातनं आली. माझ्या हातचं तीन ठिपकं हायती. बसमधी दिनकर नव्हता, तरी ही म्हातारी झाली. आता हिची चोरी कुणावर घालायची?” मग ते म्हणाले, “त्या कागदावरची सही माझी हाय. सही खरी हाय, कागद खोटा हाय. मी गाडी बघितली न्हाई. ह्या माणसाला एक सवाल इचारला न्हाई. ड्रायव्हरचा जबाब न घेता मी निकाल दिला. चूक बॅटरीची न्हाई, ड्रायव्हरची न्हाई, माझी हाय.”

ते वळले आणि मामांना हात जोडले. मामांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे कुणाला कळलं नाही. मग मीही उभी राहिले आणि वासाबद्दल आणि अंड्याबद्दल काय ते सगळं सांगितलं. अर्धी खोली हसली. मामा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्या अंडेवाल्या मुलाची वर्गात माफी मागितली, तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या बाई, आता मला पोहेच आवडत्यात.”

मामा सोमवारी कामावर आले. रेग्युलेटर बदलला, बस नीट चालू लागली. पण ते हवालदारांशी बोलले नाहीत. त्या रस्त्यानं जाणारा प्रत्येक ड्रायव्हर शेडसमोर एक हॉर्न द्यायचा. मामा द्यायचे नाहीत. बसचं काही काम निघालं तर इस्लामपूरला न्यायचे. हवालदार बस येताना दिसली की हातातलं काम थांबवून उभे राहायचे, आणि ती गेली की परत कामाला लागायचे. हे मी बसमधूनही बघितलंय आणि माझ्या गाडीतूनही.

शेडवर एक नवी पाटी लागली होती: ‘नुसती बॅटरी तपासून मिळणार नाही. गाडी व ड्रायव्हर सोबत आणावा.’ त्या पाटीपायी गिऱ्हाईक तुटलं. हातात बॅटरी घेऊन आलेला माणूस परत जायचा, चिडायचा. वय ओळखायचा खेळ तर बंदच झाला. कुणी फार आग्रह केला तर म्हणायचे, “मला वय कळत न्हाई.”

तीन वर्षांनी हिराकाकूंचे गुडघे गेले. शेड बंद करून दोघं औंधजवळच्या त्यांच्या गावी राहायला गेली. जाताना एका टेम्पोत सगळा संसार मावला, सगळ्यात वर ती ट्रंक. मी निरोप द्यायला गेले होते. निघता निघता हवालदार माझ्या गाडीच्या अर्थिंगचा बोल्ट आवळून गेले.

त्यानंतरच्या थंडीत आम्ही सातवी-आठवीची सहल यमाईच्या दर्शनाला औंधला नेली. परत येताना मामांनी एका फाट्यावर बस आत वळवली. मी म्हटलं, “मामा, रस्ता चुकला की काय?”

“न्हाई, बाई,” मामा म्हणाले. बाकी काही नाही.

गावात शिरल्यावर एका बाईला घर विचारलं आणि त्या घरासमोर बस उभी केली. पुढच्या सोप्यात ती काळी ट्रंक होती, तिच्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. हवालदार बाहेर आले. वाळले होते, पण दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. त्यांनी बस बघितली, मग मामांना बघितलं.

“गाडी दावायची हाय,” मामा म्हणाले.

हवालदारांनी मिरच्या सुपात गोळा केल्या, ट्रंक पुसली. “बसा.”

मामा बसले. हवालदार समोर उकिडवे बसले. बसताना त्यांना भिंतीला हात टेकवावा लागला. मी बसच्या पहिल्या सीटवर होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“स्टार्टर जड लागतोय?”

“न्हाई.”

“बल्ब जात्यात?”

“न्हाई.”

“पाणी? वास?”

“कायसुदीक न्हाई.”

“मग गाडीला काय झालंय?”

“गाडीला काय न्हाई झालं,” मामा म्हणाले. “माझा जबाब ऱ्हायलाय.”

हवालदारांनी डोळे मिटले, उघडले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांना हातानंच थांबा म्हणाले. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “सांगा. पयल्यापास्नं.”

आणि मामा सांगायला लागले. त्या दिवशी रजा का घेतली होती, मिरजेला डॉक्टर आईविषयी काय म्हणाले, कार्ड क्लार्कच्या कुठल्या खणात ठेवलं होतं, गिरणीत बायकोला कोण काय म्हणालं. इतकं बोलताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. हवालदार खाली मान घालून ऐकत होते. एकदाही मध्ये बोलले नाहीत.

ऊन उतरायला लागलं. मागून पोरं विचारत होती, “बाई, कवा निघायचं?”

“गप बसा,” मी म्हटलं. “जबाब चाललाय.”